रायफलची तब्येत, बायकांची हकीकत

(कार्यकर्ता शिबिरातल्या 'युद्ध आणि स्त्रिया' या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



'युद्ध आणि स्त्रिया' म्हटलं की आपण निर्वासित बायकांबद्दल, विधवांबद्दल, युद्धातल्या बलात्कारांबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. आज मात्र मी एका वस्तूपासून सुरुवात करणार आहे. ती वस्तू म्हणजे रायफल. कारणही सांगते. आठ मार्चच्या प्रदर्शनात ल्युडमिला पाव्हलिचेंको या सोव्हिएत नेमबाज बाईचं चित्र लावायचं की नाही, यावरून आपल्यात दोन तट पडले. एक बाजू म्हणते, बाईने हातात बंदूक घेतली हीच मोठी गोष्ट आहे. दुसरी बाजू म्हणते, तीनशे माणसं मारणारी व्यक्ती बाई असली म्हणून काय झालं, आम्ही शांततेच्या बाजूच्या. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झालं. पण ती रायफल कसली होती, ती कोणी बनवली, ती धरणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. तेवढंच मी आज मांडणार आहे.

रायफलचं नाव मोसिन-नागां. सर्गेई मोसिन हा रशियन अधिकारी आणि नागां हे बेल्जियमचं शस्त्र बनवणारं घराणं, या दोघांच्या नावावरून ते पडलं. झारच्या सैन्याने ती १८९१ साली घेतली. क्रांती झाली, झार गेला, रायफल राहिली. १९३० मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या, म्हणून तिला ९१/३० म्हणतात. पाच काडतुसांची, एकेक गोळी बोल्ट मागेपुढे ओढून चढवायची. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन चार किलो. आपल्यातली पाच फुटाची एखादी मैत्रीण उभी राहिली तर रायफलचं तोंड तिच्या गळ्याच्या आसपास येईल.

नेमबाजांसाठी वेगळा कारखाना नव्हता. तयार झालेल्या रायफलींतून ज्यांचा नेम जास्त अचूक लागे त्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांवर दुर्बीण बसवायची. युद्धाआधीची दुर्बीण चौपट मोठं दाखवणारी होती. १९४२ पासून 'पीयू' नावाची छोटी, साडेतीनपट दाखवणारी दुर्बीण सर्रास बसू लागली. ती करायला सोपी होती, आणि जर्मन सैन्य दारात असताना सोपं हेच महत्त्वाचं होतं. दुर्बीण वर बसली की बोल्टची सरळ मूठ तिला अडते, म्हणून ती मूठ लांब करून खाली वाकवली. दुर्बिणीमुळे पाच काडतुसांची पट्टी वरून एकदम घालता येत नाही, एकेक काडतूस बोटाने भरावं लागतं. थंडीत, हातमोजे काढून.

आता ही रायफल संग्राहकांची आवडती वस्तू आहे, विशेषतः अमेरिकेत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि रशिया, युक्रेनच्या शस्त्रागारांत ग्रीस थापून ठेवलेल्या रायफली पेट्यांच्या पेट्यांनी बाहेर विकल्या गेल्या. साधी मोसिन तर बरीच वर्षं शंभर डॉलरच्या आत मिळे. दुर्बिणीच्या रायफलला त्याच्या कितीतरी पट किंमत. आणि किंमत ठरते ती तब्येतीवरून. हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण हे लोक रायफलची तपासणी करतात ती डॉक्टरसारखी.

आधी नळी उजेडाकडे धरून आतून बघायची. आतले पीळदार चर टोकदार आहेत की झिजलेत? काळे डाग, खड्डे पडलेत का? त्या काळच्या काडतुसांच्या दारूत, म्हणजे पेटवणाऱ्या टोपीतल्या मसाल्यात, क्षार असत. गोळी झाडल्यावर ते नळीत राहत, हवेतली ओल धरत आणि एकदोन दिवसांत गंज चढवत. त्यामुळे नळी पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावावं लागे. ज्या रायफलची नळी आज आरशासारखी आहे, तिला कोणीतरी रोज न चुकता धुतलेलं आहे. आपल्याकडे भांड्यांची कल्हई बघून घरातल्या बाईचे हात ओळखतात, तसंच काहीसं.

मग क्रमांक. नळीवर, बोल्टवर, खालच्या पेटीच्या झाकणावर, दस्त्याच्या पोलादी टाचेवर एकच क्रमांक आहे का? नळीच्या मुळाशी डाव्या बाजूला दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो, तो वर बसवलेल्या दुर्बिणीशी जुळतो का? पत्रिका जुळवाव्यात तसा हा प्रकार आहे, आणि सगळे गुण जुळले की भाव वाढतो. गंमत अशी की हे जुळणं बहुतेक वेळा खरं नसतं. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली उघडल्या, चांगले भाग एका ढिगात, वाईट दुसऱ्या ढिगात टाकले, त्यातून पुन्हा रायफली जोडल्या आणि जुने क्रमांक खोडून नवे कोरले. लाकडाला लाखेचं तांबूस पॉलिश दिलं. आपल्याकडे जुन्या दगडी देवळाला जीर्णोद्धार म्हणून ऑईलपेंट फासतात ना, तसं दिसतं ते. कारखान्यातून निघाली तशी, कोणी हात न लावलेली रायफल फार दुर्मीळ. त्यामुळे जास्त चकचकीत रायफल दिसली की जाणकार उलट सावध होतो.

आणखी एक. नेमबाजांच्या अनेक रायफलींवरची दुर्बीण युद्धानंतर काढून टाकली गेली. ती बसवण्यासाठी पाडलेली भोकं बुजवली, वेल्डिंग करून घासून सपाट केली, वाकडी मूठ काढून सरळ बसवली आणि रायफल साध्या शिपायाची म्हणून कोठारात गेली. संग्राहक आज भिंग घेऊन ती बुजवलेली भोकं शोधतात. सापडली की खूष होतात, कारण त्या जागी पुन्हा दुर्बीण बसवता येते. त्यासाठी नव्याने बनवलेल्या नकली दुर्बिणी आणि पकडीही बाजारात आहेत. त्यामुळे 'अस्सल' म्हणून विकली जाणारी प्रत्येक रायफल अस्सल नसते.

हे सगळं मी एवढं तपशिलात का सांगते आहे? कारण या तपासणीत एक दोष हमखास नोंदला जातो: १९४२-४३ सालच्या रायफलींचं काम ओबडधोबड आहे. लेथच्या हत्याराचे ओरखडे तसेच आहेत, लोखंडाला पॉलिश नाही. तज्ज्ञ सांगतात, युद्धकालीन घाई. बरोबर आहे. पण घाई कोणाची? या रायफली बनत त्या मुख्यतः दोन ठिकाणी. एक मॉस्कोच्या दक्षिणेचं तुला, दुसरं उरलकडचं इझेव्स्क. १९४१ च्या शरदात जर्मन फौजा तुलाच्या वेशीवर आल्या, तेव्हा तिथली यंत्रं उचलून पूर्वेकडे उरल भागात हलवली गेली. बहुतेक भार इझेव्स्कने उचलला. पुरुष आघाडीवर गेलेले. १९४२ पर्यंत सोव्हिएत उद्योगातल्या कामगारांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, शिवाय अर्धीकच्ची पोरं. जून १९४१ पासून आठ तासांच्या पाळीवर एक ते तीन तास सक्तीचं जादा काम, रजा बंद. डिसेंबरपासून शस्त्रांच्या कारखान्यातली नोकरी न विचारता सोडणं हा सैन्यातून पळून जाण्यासारखा गुन्हा. लेथचे ते ओरखडे त्या पाळीचे आहेत. मला विचाराल तर अख्ख्या रायफलवर अस्सल म्हणावं असं एवढंच आहे, आणि तेच दोष म्हणून लिहिलं जातं.

आता रायफल धरणाऱ्यांकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे आठ लाख बायका होत्या. परिचारिका, डॉक्टर, तारायंत्रावर काम करणाऱ्या, वैमानिक, विमानविरोधी तोफांवर. मार्च १९४२ मध्ये एकाच हुकमाने विमानविरोधी दलासाठी एक लाख मुली घेतल्या गेल्या. हे समतेच्या प्रेमापोटी झालं असं समजायचं कारण नाही. माणसं संपत आली होती. मे १९४३ मध्ये बायकांसाठी नेमबाजीची मध्यवर्ती शाळा काढली. पहिली प्रमुख नोरा चेगोदायेवा, स्पेनच्या यादवी युद्धात जाऊन आलेली. शाळा आधी मॉस्कोजवळ वेश्न्याकीला होती, नंतर पोदोल्स्कला गेली. पोदोल्स्क हे शिवणयंत्रांचं गाव. झारच्या काळात सिंगर कंपनीने तिथे मोठा कारखाना काढला होता.

या शाळेतून हजाराहून थोड्या जास्त नेमबाज मुली आणि चारशेवर प्रशिक्षक बाहेर पडल्या. बहुतेकींचं वय अठरा ते वीस-बावीस. बायकाच का? तर बायकांकडे चिकाटी असते, बोटं हलकी असतात, डोळा शिवणकामाला सरावलेला असतो. हे कारण ओळखीचं वाटतं ना? सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर पोरी घेताना मालक हेच बोलायचे. बाईच्या बोटांची स्तुती ऐकू आली की पुढे काय येतं ते आपल्याला माहीत आहे.

नेमबाज जोडीने जात. एक दुर्बिणीतून टेहळणी करी, दुसरी नेम धरी, डोळे दमले की अदलाबदल. पहाटेच्या आधी, अंधारात, दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन पडायचं आणि अंधार पडेपर्यंत हलायचं नाही. बर्फात, चिखलात. लघवीला जायचं नाही. सुरुवातीला कपडे पुरुषांचे, बूट पुरुषांचे, पाळीच्या दिवसांसाठी सरकारी यादीत काही नाही. कित्येकींची पाळी महिनोन्‌महिने बंदच झाली. स्वेतलाना अलेक्सिएविच या बेलारूसच्या लेखिकेने १९७८ पासून गावोगाव जाऊन अशा बायकांच्या मुलाखती घेतल्या. 'युद्धाचा चेहरा बाईचा नाही' अशा अर्थाच्या नावाचं तिचं पुस्तक १९८५ मध्ये आलं, तेही सेन्सॉरच्या कात्रीतून. पुढे २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं. पहिली गोळी लागून समोरचा माणूस कोसळल्यावर आपल्याला काय झालं, हे त्या बायका तिला सांगतात. थरथर, उलटी, रडू. आणि मग सवय. ती सवय झाली हेही त्या लपवत नाहीत. मला ते महत्त्वाचं वाटतं. आपल्या दोन्ही तटांना त्या सोयीच्या नाहीत.

रोझा शानिना १९२४ सालची, उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क भागातली. बालवाडीत शिकवायची. तिचे भाऊ युद्धात मारले गेले. शाळेतून बाहेर पडून १९४४ च्या एप्रिलमध्ये ती आघाडीवर आली. तिच्या नावावर एकोणसाठ माणसं नोंदली आहेत. तिने रोजनिशी ठेवली होती. वरिष्ठ तिला मागे ठेवायचे, ती परवानगीशिवाय पुढे पळायची, त्याबद्दल शिक्षा घ्यायची. मैत्रिणी, प्रेम, एकटेपण, लग्न होईल का, सगळं त्या वहीत आहे. जानेवारी १९४५ मध्ये पूर्व प्रशियात ती मारली गेली, वय वीस. आलिया मोल्दागुलोवा ही कझाक मुलगी. लेनिनग्राडच्या अनाथालयात वाढली, १९४४ च्या जानेवारीत अठराव्या वर्षी गेली. तिला 'सोव्हिएत संघाची वीर' हा किताब मेल्यावर मिळाला.

आणि पाव्हलिचेंको. तिचा जन्म १९१६ चा, युक्रेनमधल्या बिला त्सेर्क्वा गावचा. कीव्ह विद्यापीठात इतिहास शिकत होती. ती या शाळेतली नव्हे, शाळा निघायच्या आधीच तिचं युद्ध संपलं होतं. ओडेसा आणि सेवास्तोपोलच्या लढायांत तिच्या नावावर ३०९ माणसं नोंदली गेली. हा आकडा प्रचारासाठी फुगवला असावा अशी शंका काही इतिहासकार घेतात. मला त्या वादात फार रस नाही. निम्मी केली तरी आपल्यापुढचा प्रश्न तोच राहतो. नवरा आघाडीवरच गेला. १९४२ च्या जूनमध्ये ती जखमी झाली आणि तिला सेवास्तोपोलमधून बाहेर काढलं.

त्याच वर्षी तिला अमेरिकेला पाठवलं, दुसरी आघाडी उघडा असं सांगायला. तिथे वार्ताहरांनी काय विचारलं? आघाडीवर लिपस्टिक लावायला परवानगी असते का? गणवेशाचा स्कर्ट इतका लांब का? त्यात जाड दिसता, याचं काही वाटत नाही का? सेवास्तोपोल पडून दोन महिने झाले होते. एलिनॉर रूझवेल्टने तिला सोबत घेऊन दौरा केला, सभांत ती हळूहळू मोकळी झाली आणि तिने अमेरिकन पुरुषांना चांगलंच सुनावलं. टोरांटोत तिला दुर्बीण लावलेली विंचेस्टर रायफल भेट दिली, ती मॉस्कोच्या सैनिकी संग्रहालयात ठेवलेली आहे. ती रायफल कोणी फेरदुरुस्त केली नाही. तिचा क्रमांक खोडला नाही. युद्ध न पाहिलेली रायफल जशीच्या तशी राहिली.

युद्ध संपलं. इथून पुढचं आपल्या चळवळीने नीट समजून घ्यायला हवं.

युद्ध चालू असतानाच, ८ जुलै १९४४ ला, मॉस्कोत कुटुंबाविषयीचा हुकूम निघाला. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या बापावर दावा करण्याचा बाईचा हक्क काढून घेतला. जन्मदाखल्यावर बापाच्या जागी रेघ. घटस्फोट महाग आणि अवघड केला. जास्त मुलं होतील त्या आईला पदक. गर्भपातावर १९३६ पासून बंदी होतीच, ती १९५५ पर्यंत राहिली. म्हणजे पोदोल्स्कच्या मुली आघाडीवर जोडीजोडीने पडून असताना, त्या परत आल्यावर त्यांनी काय व्हायचं हे ठरून गेलं होतं. आघाडीवर अधिकाऱ्याबरोबर राहिलेली, गरोदर होऊन परतलेली मुलगी कायद्याने एकटी पडली. तो आपल्या आधीच्या बायकोकडे गेला.

जुलै १९४५ मध्ये घरी निघालेल्या मुलींपुढे भाषण करताना राष्ट्राध्यक्ष कालिनिन यांनी सल्ला दिला की आपल्या कामगिरीचा तोरा मिरवू नका, त्याबद्दल स्वतः बोलू नका, इतरांना बोलू द्या. इतर बोलले ते काय? आघाडीवर गेलेल्या बायका म्हणजे 'मोहिमेवरच्या बायका', यासाठी एक शिवीवजा संक्षेपच रूढ झाला. शौर्याच्या एका पदकाच्या नावाचा अश्लील अपभ्रंश करून पुरुष हसायचे. बायकांनी पदकं ट्रंकेत टाकली. कित्येकींनी लग्नाच्या वेळी सैन्यात होते हे सांगितलंच नाही. अलेक्सिएविच मुलाखतीला जाई तेव्हा काही घरांत नवरा आदल्या रात्री बसून बायकोला शिकवून ठेवी की काय सांगायचं: लढाईच्या तारखा, सेनापतींची नावं. बाईबाईचं काही नको.

पाव्हलिचेंकोने इतिहासाची पदवी पुरी केली, काही वर्षं नौदलाच्या मुख्यालयात संशोधनाचं काम केलं, आणि १९७४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. ती प्रसिद्ध होती, तिचे टपाल तिकीट निघाले. बाकीच्या हजार जणींपैकी ज्या वाचल्या त्या शाळेत, कारखान्यात, शेतावर गेल्या.

आता आपल्या वादाकडे. 'बाईने बंदूक घेतली म्हणून ती मुक्त झाली' हे मला पटत नाही. गरज होती तोवर बंदूक दिली आणि गरज संपल्यावर काढून घेतली. त्याच १९४३ साली सिंगापूरला आझाद हिंद सेनेची झाशीची राणी पलटण उभी राहिली, त्या बायकांनाही नंतर इतिहासात दोन ओळी मिळाल्या. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली शिरल्या त्या २०२२ मध्ये, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. मात्र दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला अपुरं वाटतं. हिंसेला विरोध हा घरी बसून, सुरक्षित अंतरावरून करणं सोपं आहे. ज्या गावात जर्मन फौजांनी लोकांना कोठारात कोंडून जाळलं, तिथल्या अठरा वर्षांच्या मुलीला आपण काय सांगणार होतो? मी स्वतः चित्र लावावं या बाजूची आहे, पण त्याखाली १९४४ चा हुकूम आणि १९४५ चं ते भाषण मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे. नुसता चेहरा आणि ३०९ हा आकडा लावणार असू तर मी विरोधात मत देईन.

कोणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: एखादी रायफल बाईचीच होती हे ओळखता येतं का? विकणारे तसं सांगतात, कारण त्याने भाव वाढतो. रायफलवरून ओळखता येत नाही. लाल सैन्यातल्या शिपायाच्या लहान पुस्तिकेत शस्त्राचा क्रमांक लिहायला जागा असे, पण मुलगी जखमी झाली की रायफल तुकडीकडे परत जाई आणि दुसऱ्याच्या हाती पडे. शिवाय नंतर क्रमांकच बदलले. बायकांचा माग लागतो तो कागदांत. कोणाला कुठल्या दिवशी कशासाठी पदक मिळालं, याची शिफारसपत्रं जपून ठेवलेली आहेत आणि २०१० पासून ती हळूहळू सगळ्यांना बघायला खुली झाली. ती ज्या सैनिकी दप्तरखान्यात आहेत तो पोदोल्स्कलाच आहे.

दुसरी चिठ्ठी: ही रायफल आता फक्त छंदापुरती राहिली आहे का? नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा डोनेत्स्क भागात सक्तीने भरती केलेल्या पुरुषांच्या हाती याच मोसिन रायफली दिल्याचं दिसलं. युक्रेनच्या सैन्यात बायका मोठ्या संख्येने आहेत, नेमबाजही आहेत. पाव्हलिचेंकोवरचा चित्रपट २०१५ मध्ये रशिया आणि युक्रेन यांनी मिळून काढला होता. काम सुरू झालं तेव्हा सेवास्तोपोल युक्रेनमध्ये होतं, चित्रपट पडद्यावर आला तोवर ते रशियाने घेतलेलं होतं.